झिजणारे पान, टिकणारे खोड

वाद्य जोर लावून वाजवावे आणि त्याची झीज होऊ द्यावी, की ते नवेकोरे राहावे म्हणून जपावे, या प्रश्नाची दोन अगदी विरुद्ध उत्तरे मराठवाड्यात एकाच देवळात, एकाच सप्ताहात शेजारी शेजारी दिसतात. अखंड हरिनाम सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि तिच्या तारेवर एका बोटाची हलकी छेड पडते. तिच्याच बाजूला मृदंग पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत थापा खात असतो. सप्ताह संपेपर्यंत पुडीची शाई उडालेली असते, कधी पुडीच फाटलेली असते. दोन्ही वाद्यांना हार घातला जातो, दोन्हींना बुक्का लावला जातो. एकाला जपणे आणि दुसऱ्याला बडवणे यात भाविकांना कोणताही विरोध वाटत नाही.

हा विषय समजून घ्यायला कडा आणि त्याभोवतीचा मुलूख सोयीचा आहे. कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले बाजारगाव, नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा अहमदनगर जिल्हा (आता अहिल्यानगर) १९४७ पर्यंत ब्रिटिश मुलखात. राज्याची हद्द माणसांच्या येण्याजाण्याला फारशी आडवी आली नाही. बीडकडून वारकरी सप्ताहांची परंपरा आली, नगर-जामखेडकडून तमाशाचे फड आणि संगीत बाऱ्या आल्या, आणि सावरगावचा मच्छिंद्रनाथ, मढीचा कानिफनाथ यांच्या यात्रांनी डफ, ढोल, हलगीला दरवर्षी काम दिले. २०२२ मध्ये अहमदनगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा कड्याला स्थानक मिळाले. पण वाद्ये आणि वाजवणारे या वाटांनी त्याआधी कितीतरी पिढ्या फिरत होते. बैलगाडी, एसटी, ट्रक, धूळ, उन्हाळा, रात्रीचे दव यांतून वाद्य न्यायचे म्हटले की ते कोरे राहण्याची शक्यताच उरत नाही. म्हणून इथल्या परंपरांनी झीज टाळण्यावर फारशी मेहनत घेतली नाही. कोणता भाग झिजवायचा आणि कोणता टिकवायचा, हे मात्र नीट ठरवून घेतले.

बीड जिल्ह्यातल्या सप्ताहांना आजचे संघटित रूप विसाव्या शतकात आले. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथून कीर्तनकार आणि मृदंगवादक शिकून गावोगाव जाऊ लागले. जोगमहाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांचे कार्य नेकनूर परिसरातून बीड जिल्हाभर पसरले. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड या गडांचे नारळी सप्ताह हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य: दरवर्षी सप्ताहाचा मान वेगळ्या गावाला, आणि पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ देऊन निमंत्रण पक्के. गावाने नारळ घेतला की मंडप, अन्नदान आणि कीर्तनकारांची यादी यांच्याबरोबर टाळ-मृदंगाचीही तजवीज सुरू होते. पडून राहिलेले मृदंग बाहेर निघतात आणि दुरुस्तीला जातात.

सप्ताहात वीणेचा पहारा लागतो. रात्री-अपरात्रीच्या पाळ्या वाटल्या जातात. पाळी बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. दिंडीतही विणेकरी हाच प्रमुख. त्याच्या मागेपुढे सगळे चालतात. पण वीणेला दिलेला हा मान ती सुंदर वस्तू आहे म्हणून दिलेला नाही. तिचा भोपळा, दांडी, खुंट्या साध्याच असतात. कोरीव काम असलेच तर थोडे. मान आहे तो अखंडपणाचा. नामस्मरण थांबलेले नाही याची ती खूण आहे, आणि ती खाली ठेवली तर सात दिवसांचा धागा तुटला असे मानतात. म्हणून इथे जपणे म्हणजे वस्तू पेटीत बंद करणे नव्हे. ती चोवीस तास कोणाच्या तरी अंगाला लागलेली असते, घाम लागतो, बुक्का लागतो, हारांचे पाणी लागते. जपणुकीचा हा प्रकार हाताळण्यातून आलेला आहे, आणि वाद्य दूर ठेवून जपण्यापेक्षा तो जास्त कष्टाचा आहे.

मृदंगाची गोष्ट वेगळी. त्याचे खोड एकाच लाकडातून कोरलेले असते. शिसव, खैर, बाभूळ अशी जड, घट्ट लाकडे त्याला चालतात. खोड चांगले असेल तर ते दोन-तीन पिढ्या चालते. उजव्या तोंडावर पुडी बसते, डाव्या तोंडावर धुम. पुडी बकऱ्याच्या कातड्याची. कडेला चाट, मध्ये शाई, दोहोंच्या मध्ये मोकळी लव. पुडीभोवती कातडी पट्ट्या विणून गजरा केलेला असतो आणि गजऱ्यातून वादी ओवून दोन्ही तोंडे एकमेकांवर ताणलेली असतात. वादीखाली लाकडी गट्टे. हातोडीने गट्टा खाली ठोकला की ताण वाढतो, सूर चढतो. गजऱ्यावर बारीक ठोके देऊन सूर सगळीकडून सारखा करतात. शाई हा सगळ्यांत नाजूक भाग. लोखंडाचा भुगा आणि खळ यांचे मिश्रण थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घासून ती भरतात. घासताना तिला सूक्ष्म भेगा पडाव्या लागतात. भेगा नसतील तर शाई कातड्याबरोबर लवचिकपणे हलत नाही आणि नाद बंद होतो. म्हणजे नव्या पुडीतसुद्धा भेगा मुद्दाम केलेल्या असतात. जे वाद्य कारागिराच्या हातूनच भेगाळून बाहेर पडते, त्याला कोरे ठेवण्याची भाषा लागू पडत नाही.

धुमेला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. कणकेच्या वजनाने नाद खाली येतो आणि घुमतो. कीर्तन लांबले की कणीक वाळते, पाण्याचे बोट लावावे लागते, पुन्हा चढवावी लागते. वाजवून झाल्यावर ती खरवडून काढायची असते. राहिली तर कातडे कुजते, उंदीर-झुरळे त्यावर येतात. मृदंग फुटण्याची जी कारणे आहेत त्यांत थापेपेक्षा हा आळस मोठा आहे. जोरात वाजवणाऱ्याची पुडी वर्षभर टिकू शकते आणि हलक्या हाताच्या पण निष्काळजी वादकाची धुम एका पावसाळ्यात जाते.

किती जोरात वाजवायचे, यावर पखवाजाच्या, म्हणजे याच मृदंगाच्या, जगात एकोणिसाव्या शतकातच दोन ठळक मते तयार झाली होती. कुदऊसिंह यांच्या परंपरेत बोल वजनदार, दमदार, मोठ्या थापेचे. मूळचे वाईजवळच्या बावधनचे आणि पुढे इंदूरच्या होळकर दरबारात नावारूपाला आलेले नाना पानसे यांनी दुसरी वाट घेतली. त्यांच्या बाजात बोटांचे काम वाढले, बोल हाताला हलके आणि कानाला गोड झाले, शिकवण्याची पद्धतही सोपी झाली. महाराष्ट्रात पखवाज पसरला तो मुख्यतः पानसे परंपरेतून. तरी वारकरी मृदंग पूर्णपणे हलका झाला नाही. शेकडो टाळांच्या गजरात मृदंग ऐकू जायला हवा, आणि टाळकरी उड्या घेऊ लागले की मृदंगवादकही पायावर नाचत वाजवतो. तिथे बोटांची नजाकत टाळांखाली दबते, थाप लागतेच. दोन्ही गरजा एका हातात आणणारे वादक बीड जिल्ह्यातच झाले. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनातून पुढे आले, देशभर पखवाजवादक म्हणून मान्य झाले आणि पद्मश्रीने गौरवले गेले. देवळातली मोकळी थाप आणि मैफलीतली मोजून दिलेली थाप हे एकाच वाद्याचे दोन आवाज आहेत, हे अशा वादकांच्या वाटचालीतून दिसते. दोन्हीकडे पुडी झिजते. फरक इतकाच की मैफलीत ती कडेने आणि सावकाश झिजते, सप्ताहात मधोमध आणि झपाट्याने.

तमाशात थाप जोरात मारण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. जत्रेच्या माळावर हजारोंचा जमाव, वर उघडे आभाळ, आणि ध्वनिक्षेपक गावोगाव पोहोचण्याआधीचा काळ. ढोलकी आणि हलगी दूरपर्यंत ऐकू गेली तरच फड लागला आहे हे शेजारच्या वाडीला कळायचे. गण सुरू होण्याआधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी होते ती आजही प्रेक्षक जमवण्यासाठी. नंतर गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. रात्र सरेपर्यंत ढोलकीला विसावा नाही. ढोलकीची उजवी पुडी उंच सुराला चढवलेली असते. डाव्या पुडीला आतल्या बाजूने मसाला लावतात आणि तिच्यावर बोट घासून घुमारा काढतात. ताण दोरीवर असतो, दोरीत ओवलेल्या कड्या सरकवून सूर वरखाली करतात. अलीकडे नट-बोल्ट आले. मध्यरात्रीनंतर दव पडू लागले की कातडे ओल धरते, सूर उतरतो. मग पुन्हा चढवायची. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच्या हंगामात हे रोजचे. एखाद्या गावच्या जत्रेत ढोलकीची पुडी फुटणे हे फडाला अपशकुनाचे वाटत नसे; चांगला ढोलकीवाला चढवून ठेवलेली दुसरी ढोलकी जवळ बाळगतोच.

हलगी त्याहून कठोर वागणूक सोसते. एक कडे आणि त्यावर ताणलेले बकऱ्याच्या कातड्याचे पान, एवढीच तिची रचना. पूर्वी कडे लाकडाचे असे, आता बहुतेक लोखंडाचे किंवा स्टीलचे. डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी, उजव्या हातात जाड टिपरू. हलगीला गट्टे नाहीत, दोरी नाही. तिचा सूर चढवण्याचा उपाय एकच: आग. पाचट, गवत, कागद, जे मिळेल ते पेटवून पान शेकायचे, बोटाने टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा शेकायचे. पान चांगले तापले की आवाज कडक निघतो आणि अर्ध्या-पाऊण तासात थंड होऊन बसतो. पावसाळ्यात पोळ्याच्या मिरवणुकीला तर दर चौकात जाळ करावा लागतो. प्रत्येक शेकण्यात पान थोडे ठिसूळ होते. हलगी म्हणजे जाळून वाजवायचे वाद्य. तिच्या आवाजाची किंमत तिच्याच कातड्याने द्यायची असते, आणि पान फुटले की कडे जपून ठेवून नवे पान चढवायचे असते. कुस्तीच्या फडात, लेझमीत, लग्नाच्या वरातीत, बैलांच्या मिरवणुकीत हलगी लागते, आणि यातल्या कोणत्याही ठिकाणी ती हळू वाजवून चालत नाही.

झीज झाली तर तिचा खर्च कोणी सोसायचा, हा या इतिहासातला सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे. हलगी वाजवणे हे परंपरेने मातंग समाजाकडे आलेले काम. कातडे कमावणे ढोर समाजाकडे, कापणे-शिवणे चर्मकारांकडे. गावगाड्यात वाजवण्याचा मोबदला धान्याच्या रूपात आणि गावाच्या मर्जीने मिळे. पान मात्र वाजवणाऱ्याचे, फुटले तर नुकसान त्याचे. देवळातल्या मृदंगाला ज्यांच्या हातच्या कातड्याने आवाज दिला त्यांना त्याच देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. कातडे मृदंगावर चढले की पूज्य आणि कमावणाऱ्याच्या हातात असले की अपवित्र, हा अन्याय वाद्यपूजेच्या कोणत्याही गौरवगाथेत विसरता कामा नये. तमाशाच्या इतिहासातही ही रेषा दिसते. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरातले. ते फडात गेले तेव्हा लावणीपेक्षा कोणाबरोबर राहतात आणि कोणाबरोबर जेवतात यावरून त्यांचे घर तुटले. ज्या वाद्याला हात लावणे हेच समाजातून उठण्याचे कारण होऊ शकत होते, ते वाद्य दिवाणखान्यात मांडून ठेवण्याचा प्रश्न कोणाच्या मनात येणार नव्हता.

तंतुवाद्यांकडे वळले की झिजेचा हिशोब केसाएवढा बारीक होतो. महाराष्ट्रात तंबोरा आणि सतार यांचे मोठे केंद्र मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगार कुटुंबांनी हा धंदा उभा केला. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य नाव. शिकलगारांचे मूळ काम हत्यारांना धार लावणे आणि ती घडवणे. ब्रिटिश अमलात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा लोखंड आणि लाकूड ओळखणारे हे हात वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून येत आणि अजूनही येतात. मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा वेलावरच वाळवून, आतून कोरून, आकार देऊन त्यावर लाकडी गळा आणि दांडी बसवतात. दांडीला तूण लाकूड चालते.

तंबोऱ्यात जपायची गोष्ट भोपळा. तो ठेचला तर पुन्हा तसा होत नाही. झिजायची गोष्ट म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. घोडीचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तो अगदी थोडा उतरता घासलेला असतो, म्हणजे तार त्यावर एका बिंदूत न टेकता लांबवर घासत कंपन पावते. त्या घासण्यातून जो झणत्कार येतो तीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत सरकवून ती नेमकी जागेवर आणतात. पण तीच तार रोज त्याच जागेवर घासल्यामुळे घोडीत बारीक चर पडतो आणि जवारी बसते. मग कारागिराने पुन्हा घोडी घासून पृष्ठभाग नवा करायचा. दर घासण्यात घोडी थोडी खाली जाते, आणि पुरेशी खाली गेली की बदलावी लागते. ज्यामुळे तंबोरा बोलतो त्यामुळेच तो झिजतो, हे इथे भिंगाशिवायही दिसते. न वाजवलेल्या तंबोऱ्याची जवारी टिकते, पण तो तंबोरा कोणाच्या कानात सूर घालत नाही.

अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) हे किराणा घराण्याचे गायक मिरजेला स्थायिक झाले. त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी तिथे संगीतसभा भरते. ते वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते आणि जवारी स्वतः लावत. गवई कारागिराचे काम जाणतो तेव्हा झिजेची भीती संपते. तंबोऱ्याला काय झाले आहे आणि किती घासायचे आहे हे त्याला ऐकून कळते. मिरजेच्या धंद्याचा पाया विक्रीइतकाच दुरुस्तीवर उभा राहिला याचे कारण हेच. जुना तंबोरा टाकून देत नाहीत. तो घोडी, तारा, खुंट्या बदलत बदलत वडिलांकडून मुलाकडे येतो. वाजत नसतो तेव्हा त्याच्या तारा थोड्या उतरवून ठेवतात, नाहीतर सततच्या ताणाने दांडी वाकते आणि भोपळ्यावरची लाकडी तबली दबते.

पाश्चात्त्य जगात वाद्य झिजवावे की जपावे हा वाद फार टोकाला गेला, आणि त्यातला एक प्रसंग भारतीय वादकाशी जोडलेला आहे. १९६४ मध्ये लंडनच्या हॅरो भागात एका ठेंगण्या छताच्या सभागृहात रॉक गिटारवादक पीट टाउनशेंडच्या गिटारचा माथा छतावर आपटून मोडला आणि त्याने उरलेली गिटारही फोडून टाकली. पुढे वाद्य फोडणे हा त्याच्या कार्यक्रमाचा भागच झाला. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरी महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार वाजवत वाजवत पेटवून दिली. त्याच दिवशी त्याच महोत्सवात रविशंकर यांचे सतारवादन झाले होते. वाद्याची अशी विटंबना पाहून आपल्याला फार यातना झाल्या हे त्यांनी पुढे स्पष्टपणे सांगितले. दसऱ्याला वाद्यांची पूजा करणाऱ्या, वाद्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणाऱ्या परंपरेतून आलेल्या माणसाला हे सोसणे शक्यच नव्हते. पण हलगीही जाळावर धरतातच. तिथे आग आवाज चढवण्यासाठी असते आणि पान जळू नये म्हणून बोट सतत त्यावर असते. माँटेरीला आग शेवट करण्यासाठी होती. वाजवून झिजवणे आणि फोडून संपवणे यांतला हा फरक महाराष्ट्रातल्या वादकांना कधी समजावून सांगावा लागला नाही.

युरोपातही दुसरे टोक आहे. स्ट्रॅडिव्हरीने १७१६ मध्ये केलेले ‘मसाया’ नावाचे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जवळपास नव्यासारखे आहे, कारण ते फारसे वाजलेच नाही. पॅगानिनीचे १७४३ चे ग्वार्नेरी व्हायोलिन मात्र त्याने जेनोव्हा शहराला दिले आणि तिथल्या स्पर्धेतल्या विजेत्यांना ते वाजवायला मिळते. पहिल्याने व्हायोलिन करणाऱ्यांना नमुना मिळाला, दुसऱ्याने ऐकणाऱ्यांना आवाज. अमेरिकेचा गायक विली नेल्सन १९६९ पासून तीच मार्टिन गिटार वाजवतो आहे. नायलॉन तारांच्या त्या गिटारला नखीचा मार सोसणारे कवच नाही, त्यामुळे तिच्या तबलीला मोठे भोक पडले आहे. तो ती बदलत नाही, नियमित दुरुस्त करून घेतो. ही रीत मिरजेच्या किंवा आळंदीच्या कोणत्याही वादकाला ओळखीची वाटेल.

महाराष्ट्रात वाद्ये जपण्याचे मोठे काम पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात झाले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून खेडोपाडी फिरून रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ संग्रह उभा केला. त्यात वाद्यांचे मोठे दालन आहे. हा संग्रह नसता तर अनेक आकार, कोरीव खुंट्या, मोराच्या घडणीची तंतुवाद्ये पाहायलाही उरली नसती. लाकूड, धातू आणि भोपळा यांच्या बाबतीत कपाटातली जपणूक चांगली चालते. चामड्याच्या बाबतीत ती अपुरी पडते. न वाजलेले कातडे वाळते, आकसते, कडेने भेगाळते, कीड लागते, शाई सुटून पडते. वाजणारी पुडी हाताच्या उबेने, घामाच्या ओलीने, नियमित चढ-उताराने काही काळ लवचिक राहते. म्हणून जुन्या संग्रहांत शंभर वर्षांचे खोड सापडते, शंभर वर्षांची बोलणारी पुडी सापडत नाही. चर्मवाद्यांचा आवाज जपायचा एकच मार्ग आहे: पुडी करणारा कारागीर टिकला पाहिजे. संग्रहालये हे काम करू शकत नाहीत आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही.

ध्वनिक्षेपकाने या सगळ्या जुन्या हिशोबात मोठा फरक केला. सप्ताहाच्या मंडपात मृदंगासमोर माइक आला तेव्हा थाप हलकी झाली तरी चालू लागले, आणि तरुण वादकांच्या हातात पानसे बाजाची बोटे पुन्हा दिसू लागली. तमाशातही ढोलकीचा मार कमी झाला. पण सोबत सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, ड्रमसेट आले आणि ढोलकीला त्यांच्या आवाजाशी स्पर्धा करावी लागली, त्यामुळे काही फडांत ती उलट जास्तच जोरात वाजू लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. त्याला जवारी लागत नाही, भोपळा नाही, प्रवासात काळजी नाही. रियाजाच्या खोल्यांतून लाकडी तंबोरा मोठ्या प्रमाणात मागे सरकला, आणि घरोघरच्या तंबोऱ्यांची नेमाने होणारी दुरुस्ती हा मिरजेच्या कारागिरांचा आधार कमी झाला. मैफलीच्या मंचावर मात्र गायकामागे दोन तंबोरे अजून लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेचे नाव दुसऱ्या ठिकाणच्या मालाला लावता येणार नाही.

चर्मवाद्यांत सर्वांत मोठा बदल प्लास्टिकच्या पानाने केला. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकांपासून ते खेड्यातल्या हलगी पथकांपर्यंत कृत्रिम पान पोहोचले आहे. ते पावसात उतरत नाही, शेकावे लागत नाही, सहजी फुटत नाही आणि स्वस्त पडते. वाजवणाऱ्यावर पडणारा झिजेचा खर्च त्याने खरोखर कमी केला, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो खर्च पदरचा सोसला त्यांना ही सोय नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. आवाज मात्र वेगळा आहे: कडक, कर्कश, घुमारा कमी. काडीचा आणि टिपरूचा नाद चामड्यावर जसा वेगवेगळा निघतो तसा प्लास्टिकवर निघत नाही. मृदंग आणि ढोलकी यांच्या पुडीत प्लास्टिकला फारसे शिरता आले नाही. कड्याच्या पट्ट्यातल्या वरातींत आता प्लास्टिकची हलगी नेहमीची झाली आहे. जुगलबंदीला किंवा कुस्तीच्या फडाला बसणारे जाणते हलगीवाले चामड्याचे पान वेगळे ठेवतात आणि वाजवण्याआधी जाळ करतात.